ताठ दोरी, सैल दोरी

सिंहगडाकडे जाणारा रस्ता खडकवासला गाव ओलांडून, धरणाची भिंत मागे टाकून तलावाच्या काठाकाठाने डोणज्याच्या फाट्याकडे निघतो, त्या ठिकाणी पहाटेच्या प्रहरी, चौपाटीवरच्या भजी-कणसांच्या गाड्यांवर अजून ताडपत्र्या झाकलेल्या असताना, जो कोणी घटकाभर उभा राहील त्याच्या दृष्टीस एक दृश्य हटकून पडेल: पुढे जमिनीवर पंजे रोवून सर्वांगाने झेपावलेला, गळ्यातील पट्ट्याने श्वास कोंडून घरघरणारा कुत्रा, मागे कमरेतून उलटा झुकलेला, ‘थांब, अरे थांब’ अशी विनवणी करीत फरफटणारा त्याचा धनी, आणि या दोघांच्या मध्ये सतारीच्या तारेसारखी ताठ झालेली दोरी. दोघेही घराबाहेर आनंदासाठीच पडलेले असतात. परंतु अर्ध्या तासाने परत फिरताना एकाचा खांदा अवघडलेला असतो आणि दुसऱ्याचा गळा.

या दृश्यात मी स्वतः पुष्कळ दिवस सामील होतो. आमचा तांबू हा गावठी कुत्रा. पावसात भिजत कुडकुडणारे पिल्लू म्हणून तो घरात आला आणि दीड वर्षात बावीस किलो वजनाचा झाला. एका आषाढातील सकाळी, दाणे खाऊन कोणी रस्त्याकडेला फेकलेल्या कणसाच्या बुंध्याचा वास त्याला आला, त्याने एकच हिसडा दिला आणि मी चिखलात उजव्या मनगटावर पडलो. पुढे महिनाभर त्या हाताने लेखणी धरता आली नाही. (कणसाचा बुंधा कुत्र्याच्या पोटात पचत नाही, तो आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची पाळी येते, हे चौपाटीवर कुत्रा नेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.) त्या सक्तीच्या विश्रांतीत मी या विषयावर मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले आणि मनगट बरे झाल्यावर प्रयोगास लागलो.

पहिला प्रश्न असा की, कुत्रा ओढतोच का? याचे एक उत्तर त्याच्या पायांत आहे. माणसाची सहज चाल ताशी ४ ते ५ किलोमीटरांची, तर मध्यम बांध्याच्या कुत्र्याची दुडकी चाल स्वभावतःच याहून बरीच जलद. तेव्हा आपल्या बरोबरीने चालणे हे त्याच्या दृष्टीने आपण एखाद्या रांगत्या मुलाच्या बरोबरीने चालावे तसेच कष्टाचे असते. दुसरे उत्तर त्याच्या नाकात आहे. माणसाच्या नाकातील गंधग्राहक पेशी सुमारे ५० ते ६० लाख, आणि कुत्र्याच्या नाकातील, जातीपरत्वे, १२ कोटींपासून ३० कोटींपर्यंत मानल्या जातात. ज्या विजेच्या खांबाजवळून आपण काही न पाहता निघून जातो त्या खांबावर रात्रीतून कोण आले, कोण गेले, त्यात ओळखीचे कोण आणि परके कोण, याची सविस्तर नोंद त्याच्यासाठी ठेवलेली असते. अशा मुलखातून त्याने खाली मान घालून निमूटपणे चालावे ही अपेक्षाच मुळी अवास्तव आहे. तिसरे कारण अंगच्या प्रतिक्रियेचे: देहावर एका दिशेने ताण आला की तोल राखण्यासाठी प्राणी विरुद्ध दिशेने जोर लावतो, त्यामुळे आपण मागे ओढावे आणि त्याने पुढे रेटावे असा हा परस्परांना पोसणारा झगडा चालू राहतो.

परंतु या तिन्हींहून बलवत्तर असे चौथे कारण आहे, आणि ते आपल्याकडून घडलेले आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांना पेटाऱ्यांत कोंडून पाहिले. कळ दाबली की दार उघडते आणि बाहेर खाणे मिळते, असा अनुभव आलेले मांजर दर खेपेस अधिक त्वरेने कळ दाबू लागले. ज्या कृतीचा परिणाम सुखकर ती कृती दृढ होते, हा जो नियम त्याने त्यावरून मांडला, तो आपल्या दोरीला तंतोतंत लागू पडतो. पिल्लू खांबाकडे ओढ घेते, आपण दोन पावले त्याच्या मागे जातो, खांब त्याला मिळतो. म्हणजे ओढणे हीच ती कळ आणि आपले चालते पाय हेच ते उघडणारे दार. असा धडा दिवसातून पन्नास वेळा, वर्षातून हजारो वेळा आपण स्वतः त्यास देतो, आणि मग तो तो धडा उत्तम रीतीने शिकला म्हणून त्याच्यावर रागावतो.

येथे एका जुन्या समजुतीचा परामर्श घेणे आवश्यक आहे. कुत्रा पुढे चालतो तो धन्यावर सत्ता गाजविण्यासाठी, सबब त्याला दाबून, प्रसंगी दहशत घालून ‘कळपातील पायरी’ दाखविली पाहिजे, असे अजूनही अनेक प्रशिक्षक सांगतात. या मताचे मूळ कोंडवाड्यात एकत्र ठेवलेल्या, परस्परांस अपरिचित अशा लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी ती १९४७ मध्ये प्रसिद्ध केली. डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील ग्रंथाने या मताचा पुष्कळ प्रसार झाला. तथापि रानातील लांडग्यांचा प्रत्यक्ष अभ्यास केल्यानंतर त्याच मेक यांनी १९९९ मध्ये स्पष्टपणे लिहिले की, लांडग्यांचा कळप हा बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, सिंहासनासाठी झगडणारी टोळी नव्हे. स्वतःचे गाजलेले मत अशा रीतीने मागे घेणाऱ्या विद्वानाविषयी मला मोठा आदर वाटतो. आपल्या कुत्र्याला खांबाचा वास हवा असतो, राज्य नको असते, एवढे मनाशी पक्के झाले म्हणजे हातातील निम्मा राग तेव्हाच गळून पडतो.

दोरीला कुत्रा बांधून फिरविणे हा रिवाज या परिसरात तसा नवाच. धनगरांच्या कळपाबरोबर चालणारा कुत्रा मेंढरांच्या कडेने मोकळाच चालतो. वाडीतला राखणीचा कुत्रा दिवसभर स्वतःच्या हद्दीत हिंडून सांजेला भाकरीच्या वेळी अंगणात हजर होतो. आणि जेजुरीच्या खंडोबाबरोबर किंवा दत्ताच्या पायांशी आपण ज्या कुत्र्यांना हात जोडतो त्यांच्या गळ्यात दोरी कधी चित्रातही पाहिलेली नसते. सिंहगड रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोसायट्या उभ्या राहिल्या, २०२१ मध्ये खडकवासला, किरकटवाडी, नांदेड ही गावे पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली, रस्त्यावरची वाहने अखंड झाली, आणि कुत्रा मोकळा सोडण्याची मुभा सरली. दोरी ही आता त्याच्या जिवाची हमी आहे, हे निर्विवाद. परंतु ज्या प्राण्याच्या पिढ्यान् पिढ्यांना ती ठाऊक नव्हती, त्याला ती उपजतच कळावी असे मानण्यास आधार नाही. ती शिकवावी लागते.

ती गळ्याला बांधावी की अंगाला, याचा उलगडा मला पुस्तकात झाला त्याआधी शेजारच्या आबांकडून झाला. आबांनी हयातभर बैल हाकले आहेत. माझे बांधलेले मनगट पाहून त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, “मास्तर, बैल खांद्यानं ओढतो आन् नाकानं वळतो. तुम्ही जू कुठं ठेवलंय ते बघा.” या एका वाक्यात साऱ्या साधनांचे शास्त्र आले. जू खांद्यावर येते कारण तेथे बळ आहे. वेसण नाकात येते कारण तेथे बळ नाही, संवेदना आहे. आणि कासरा हाती धरणारा मनुष्य बैलाशी जोराने नव्हे, जागेच्या निवडीने बोलतो. बर्फाळ प्रदेशांतील गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना छातीभर पसरलेला साज घालतात तोही याच हेतूने की, ओढ गळ्यावर न येता सबंध अंगावर वाटली जावी आणि त्यांनी सुखाने ओढावे. साहजिकच, पाठीवर कडी असलेला छातीपट्टा, ज्याला दुकानांत हार्नेस म्हणतात, तो आणून घातल्यावर ‘हा तर पूर्वीपेक्षा जास्त ओढू लागला’ अशी तक्रार घेऊन लोक दुकानदाराकडे परत जातात, त्यात नवल नाही. त्यांनी जू खांद्यावर ठेवले आहे. त्याच पट्ट्याची कडी छातीच्या पुढील बाजूस असेल तर मात्र कुत्र्याने झेप घेताच दोरीचा ताण त्याचे अंग हलकेच आपल्याकडे वळवितो आणि झेपेतले बळ वाया जाते. मला विचाराल तर आरंभ करणाऱ्याने हेच साधन घ्यावे.

नुसत्या गळपट्ट्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. निदान कुत्रा ओढण्याचे सोडीपर्यंत तरी. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात गळपट्ट्याविरुद्ध ओढ घेणाऱ्या कुत्र्यांच्या नेत्रगोलांतील दाब वाढलेला आढळला, छातीपट्ट्याने मात्र तशी वाढ झाली नाही. पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत वर्षानुवर्षे लाडका असलेला पॉमेरेनियन आणि अलीकडे घरोघर दिसणारा पग या दोघांनाही गळपट्टा विशेष घातक: पहिल्याची श्वासनलिका दबण्याची प्रवृत्ती असते, दुसऱ्याचा श्वास मुळातच अपुरा. आवळत जाणारी साखळी आणि आतून खिळे असलेला पट्टा यांनी ओढणे कधीकधी थांबते हे मी नाकारीत नाही. पण ते वेदनेच्या भयाने थांबते, आणि ज्या क्षणी ती वेदना झाली त्या क्षणी समोर जे दिसत होते, मग ते शेजारचे मूल असो वा दुसरा कुत्रा, त्याच्याशी ती वेदना त्याच्या मनात जोडली जाण्याचा धोका असतो. चाकाच्या डबीत आपोआप गुंडाळली जाणारी दोरीही शिकवणीच्या काळात टाळावी, कारण तिची रचनाच अशी की कुत्र्याने ओढले म्हणजे ती लांबते. ‘ओढ, म्हणजे मिळेल’ हा जुना धडा ती प्रत्येक पावलाला गिरवून घेते. साधी, सुती किंवा पट्टीची, चार हात म्हणजे सहा फूट लांबीची दोरी सर्वांत उत्तम.

साधन निवडले म्हणजे शिकवण झाली असे मात्र नव्हे. ज्या तत्त्वावर सारी इमारत उभी आहे ते समजावून सांगण्यासाठी मी वाचकाला पुन्हा धरणाकडेच नेतो. १८७९ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या धरणाच्या सांडव्यावर, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात अभियंता असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी स्वतः योजिलेली स्वयंचलित दारे १९०३ मध्ये बसविली. त्यांची थोरवी अशी की दार उघडण्यास कोणा माणसाचा हुकूम लागत नसे: पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की पाण्याच्याच योगाने दारे उघडत, आणि पातळी उतरली की आपापली मिटत. तेथे राग नव्हता, रदबदली नव्हती, आज सवड आहे म्हणून एक आणि उद्या घाई आहे म्हणून दुसरे असा प्रकार नव्हता. १९६१ च्या १२ जुलैला पानशेतच्या लोंढ्याने हे जुने धरण फुटले आणि पुढे ते नव्याने सावरण्यात आले. परंतु त्या दारांची कल्पना माझ्या मनात राहून गेली. दोरीचा नियम असाच स्वयंचलित असला पाहिजे: दोरी ताठ झाली की चाल बंद, सैल झाली की चाल सुरू. उघडझाप कुत्र्याच्या स्वाधीन, आणि आपण केवळ दार.

याचा अंमल असा करावा. पहिले काही दिवस रस्त्याचे नावही न काढता घरात, गच्चीवर किंवा अंगणात, जेथे नवे वास नाहीत अशा ठिकाणी दोरी बांधावी आणि कुत्रा आपल्या गुडघ्याशेजारी आला की तेथल्या तेथे, त्याच बाजूच्या हाताने, उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीच्या मांसाचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यावा. घरात शाकाहार असेल तर पनीर चालते. शिऱ्यातले बेदाणे आणि फोडणीतला कांदा मात्र कटाक्षाने वर्ज्य, कारण बेदाण्याने कुत्र्याचे मूत्रपिंड आणि कांद्याने रक्त बिघडते. गुडघ्याजवळची जागा ही लाभाची जागा आहे असे त्याच्या मनात ठसले, म्हणजे बाहेर पडावे. बाहेर दोरी ताणली गेली त्याच क्षणी झाडासारखे उभे राहावे: मागे ओढू नये, हिसका देऊ नये, बोलू नये. कुत्रा काही वेळ पुढे रेटतो, मग गोंधळतो, मग कधीतरी मागे वळून पाहतो किंवा एक पाऊल मागे येतो आणि दोरीला झोळ पडतो. तो झोळ पडताच, आणि याच ठिकाणी बहुतेकांकडून विलंब होतो, तात्काळ शाबासकी देऊन चालू लागावे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे तलावाच्या पलीकडच्या त्या विस्तीर्ण आवारात, छात्रांना घोडेस्वारीचे शिक्षण दिले जाते. त्या विद्येतही हेच रहस्य आहे की लगामाचा ताण घोड्याला शिकवीत नाही, त्याने मानल्याबरोबर लगाम सैल होतो तो क्षण शिकवितो. घोड्याशी रागाच्या भरात कधीही व्यवहार करू नये, असे ग्रीक सेनानी झेनोफोन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आपल्या अश्वविद्येच्या ग्रंथात सांगून ठेवले आहे.

उभे राहूनही जो ढिम्म मागे पाहत नाही अशा कुत्र्यासाठी दुसरा उपाय असा की, दोरी ताणण्याच्या बेतात असतानाच आनंदी स्वरात हाक मारून आपण उलट दिशेने वळावे. तो मागून धावत येऊन बाजूला पोहोचला की पारितोषिक द्यावे आणि पुन्हा मूळ दिशेने निघावे. पहिल्या दिवशी तांबूला आणि मला आमच्या फाटकापासून गल्लीच्या टोकापर्यंत, म्हणजे शंभर-सव्वाशे पावलांना, चाळीस मिनिटे लागली. फिरणे झाले नाही म्हणून वाईट वाटून घेण्याचे कारण नाही; त्या चाळीस मिनिटांत त्याच्या बुद्धीला जो व्यायाम घडला त्याने तो घरी येऊन गाढ झोपला.

वासाची तहान मात्र मारू नये, तिला वेतनात बदलावे. ज्या खांबाकडे तो ओढत होता त्याच खांबाकडे सैल दोरीने पाच पावले चालल्यावर ‘जा’ म्हणून आपणच त्याला न्यावे आणि मनमुराद हुंगू द्यावे. माझ्या अनुभवात मांसाच्या तुकड्यापेक्षाही हा नजराणा अधिक प्रभावी ठरला, आणि खिशात काही नसले तरी तो देता येतो.

आता खरी अडचण. घाईच्या दिवशी, पावसाच्या दिवशी, दूध आणायला जाता जाता मनुष्य म्हणतो, ‘आज ओढू दे, उद्यापासून पाहू.’ या एका सवलतीची किंमत फार आहे. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, मुख्यतः कबुतरांवरच्या प्रयोगांनी हे सिद्ध केले की, प्रत्येक खेपेस फळ मिळणारी कृती फळ बंद होताच लवकर सुटते, पण अधूनमधून, केव्हा ते न कळता, फळ मिळणारी कृती कमालीची चिवट होते. दहापैकी एका वेळी यशस्वी होणारी ओढ ही सदैव यशस्वी होणाऱ्या ओढीपेक्षा मोडण्यास कठीण. म्हणून ज्या दिवशी नियम पाळणे अशक्य, त्या दिवशी दोरी दुसऱ्या कडीला लावावी: पाठीच्या कडीला लावली म्हणजे नियम नाही, छातीच्या कडीला लावली म्हणजे नियम आहे, हा भेद कुत्र्याला थोड्याच दिवसांत कळतो. आणि घरातील प्रत्येकाने, आजोबांपासून शाळकरी मुलापर्यंत, हाच शिरस्ता चालविला पाहिजे. आणखी एक सूचना आधीच देऊन ठेवतो: चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रा पूर्वीपेक्षाही जोराने ओढू लागतो. जुनी कळ दाबूनही दार उघडत नाही म्हणून तो ती शेवटची जीव खाऊन दाबून पाहत असतो. याच वेळी निराश होऊन पुष्कळ लोक प्रयत्न सोडतात.

गावातल्या मोकळ्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आणि नाजूक आहे. समोर दुसरा कुत्रा दिसताच आपण भयाने दोरी आवळतो. त्यामुळे आपल्या कुत्र्याची छाती वर उचलली जाते, मान ताठ होते, आणि श्वानांच्या देहभाषेत ते आव्हान ठरते. वास्तविक त्याच्या मनात तसे काही नसतेही. कुत्रे मोकळे असताना परस्परांना सरळ रेषेत भेटत नाहीत, वळसा घालून, अंग तिरके करून भेटतात. तेव्हा दुरूनच रस्ता ओलांडावा, दोरीत झोळ राखावा, आणि आपला कुत्रा समोरच्याकडे पाहूनही खाणे घेऊ शकतो एवढे अंतर ठेवावे. ते अंतर आठवड्या-आठवड्याने कमी होते. रविवारी सायंकाळची चौपाटी ही शिकवणीची जागा नव्हे. उन्हाळ्यात दुपारचा डांबरी रस्ताही नव्हे. हाताचा तळवा जेथे पाच क्षण ठेववत नाही तेथे त्याचे पंजे भाजतात.

कंटाळून पुष्कळ लोक शेवटी कुत्र्याला नेणेच बंद करतात आणि तो गॅलरीत साखळीला पडून राहतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा येथे आड येतो, हे थोड्यांनाच ठाऊक असते: त्याच्या ११ व्या कलमात अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा तर अपराध मानलाच आहे, शिवाय नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम देण्यात धन्याने केलेली हयगय हाही स्वतंत्र अपराध म्हणून नमूद आहे. कायदा करणाऱ्यांनी कुत्र्याच्या फेरफटक्याची अशी आठवण ठेवावी, याचे मला फार समाधान वाटले.

आश्विन संपता संपता एका सकाळी मी आणि तांबू धरणाच्या रस्त्याने परत येत होतो. पाणी काठोकाठ होते, दोरी आमच्या दोघांच्या मध्ये झोळ खाऊन लोंबत होती. समोरून आबा आले. ते थबकले आणि म्हणाले, “मास्तर, दोर सैल सोडलाय, पळून जाईल की वो.” मी दोरी त्यांच्या हाती दिली. हयातभराच्या सवयीने त्यांनी ती कासऱ्यासारखी मनगटाभोवती दोन वेढे देऊन घट्ट धरली आणि पाऊल उचलले. दोरी ताठ झाली. तांबू जागच्या जागी थांबला, मान वळवून त्यांच्याकडे पाहू लागला. आबांनीही त्याच्याकडे पाहिले, क्षणभराने मनगटावरचा एक वेढा सोडला, मग दुसरा. आणि ते दोघे गावाच्या दिशेने चालू लागले.